कानात सांगितलेलं नाव

लिफ्टमध्ये कुणाचं गोंडस मूल दिसलं की आमचे घरमालक वाकून त्याच्याकडे निरखून पाहायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "अग्ली! व्हेरी अग्ली बेबी!"

मुलाची आई तरुण असली तर तिचा चेहरा पडायचा. एकदा एक बाई इतकी चिडली की पुढच्याच मजल्यावर उतरून गेली. पण सोबत म्हातारी चिनी आजी असली तर ती खूश व्हायची. "येस लाह, व्हेरी अग्ली," म्हणत नातवाचे गाल कुरवाळायची आणि दोघं एकमेकांकडे बघून माना डोलवायची. मी तेवढा वेळ दाराकडे बघत मजला यायची वाट पाहायचो. मला त्यांची लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्याकडून जे घडलं ते या लाजेतूनच घडलं.

नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत मला नोकरी लागली होती. बायको पुण्याची नोकरी सोडून माझ्याबरोबर आली. सबंध फ्लॅट भाड्यानं घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून हौगांगला एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरातली खोली घेतली. ते एकटेच राहायचे. जहाजांना किराणा पुरवणाऱ्या कंपनीत सगळी नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. "मराठी बोलणारे भाडेकरू हवेत" एवढीच त्यांची अट होती.

आम्ही गेलो तेव्हा दार उघडून त्यांनी विचारलं, "पुण्याचे? बोला पाहू."

"काय बोलू काका?"

"काका नको. तमिळमध्ये काका म्हणजे कावळा. राव म्हणा."

ते तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी राजांबरोबर दक्षिणेत गेले ते तिथलेच झाले आणि आजोबा तिथून बोटीनं सिंगापूरला आले. राव इथेच जन्मले. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांची मराठी जुनी होती, तिचे हेल तमिळ होते आणि मध्येच असा एखादा शब्द यायचा की वाटायचं, हा आपण फक्त पोथीत वाचलाय. ती जशीच्या तशी मला लिहिता येणार नाही. दोन-चार शब्द सोडले तर इथे त्यांचं बोलणं माझ्याच मराठीत लिहितोय. माझी मराठी ऐकून ते म्हणाले होते, "नवी आहे. जरा वापरली की बरी होईल."

नव्या वस्तूंचं आणि त्यांचं वाकडं होतं. घरात कुठलीही नवी वस्तू आली की ते आधी तिला खोट करून ठेवायचे. नवा शर्ट आणला की कॉलरच्या आतल्या बाजूला बॉलपेननं एक ठिपका. नवी बशी आणली की तिच्या काठाला चमच्याचा टोला. फ्रिजच्या दारावर एक पोचा होता. तो डिलिव्हरीत पडला असेल असं मी समजत होतो. बायकोनं विचारलं तेव्हा ते सहज म्हणाले, "मीच पाडला. पळीनं."

"का पण?"

"चांगलं दिसत होतं फार."

मी नवा लॅपटॉप घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच्या झाकणावर नखाएवढा ओरखडा. मी बाहेर येऊन ओरडलो. ते पेपर वाचत होते. "आता टिकेल," म्हणाले आणि पान उलटलं. (तो लॅपटॉप अजून चालतो. हे मी त्यावरच लिहितोय.)

जेवणाची स्तुती केलेली त्यांना चालायची नाही. माझी बायको पिठलं करायची. ते दोनदा मागून घ्यायचे, बोटं चाटायचे आणि म्हणायचे, "वाईट झालंय, मुली." तिला याची इतकी सवय झाली की मी एकदा "मस्त झालंय" म्हटलं तर तीच म्हणाली, "असं नका बोलू, रावांना आवडत नाही." तिचं आणि त्यांचं छान जमायचं. मला ते 'तंबी' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. त्यात लाड किती आणि चेष्टा किती हे मला कधी कळलं नाही.

नावांचा त्यांना नाद होता. डिलिव्हरीवाला असो, बँकेतली मुलगी असो, ते आधी नाव विचारायचे आणि मग तळहातावर काही ठेवल्यासारखा हात वरखाली करून त्याचं वजन सांगायचे. "हलकं आहे. चालेल." किंवा, "भारी. जपून राहा हो." पोरांची भारी नावं त्यांना सोसायची नाहीत. मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात एक जोडपं आपल्या बाळाचं नाव कौतुकानं सांगत होतं. नावाचा अर्थ सूर्याचं तेज की काय असा होता. रावांनी कपाळाला हात लावला. "अय्यो! एवढंसं मूल आणि एवढं भारी नाव? त्याला कुणी उचलून नेणार नाही तर काय?" बाळाच्या आईला रडू आलं. मला त्यांना दंडाला धरून बाहेर न्यावं लागलं.

त्यांचं स्वतःचं नाव कुप्पुस्वामी. घरात कुप्पू. तमिळमध्ये कुप्पै म्हणजे कचरा.

हे मला त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या मित्रानं सांगितलं. खालच्या कॉफीशॉपमध्ये एक चिनी म्हातारा त्यांची रोज वाट बघायचा. त्याला सगळे आह काऊ म्हणायचे. पहिल्यांदा ओळख करून देताना आह काऊनं आपल्या छातीवर बोट ठेवलं, "मी, डॉग." मग रावांकडे बोट केलं, "हिम, रबिश." आणि दोघं खोकला येईपर्यंत हसले. आह काऊच्या आईचीही आधीची मुलं जगली नव्हती. म्हणून याचं नाव कुत्रा. "डॉग, हू वाँट?" तो म्हणाला. "घोस्ट ऑल्सो डोन्ट वाँट. सो आय स्टिल हिअर लाह."

रावांच्या आधी तीन भावंडं गेली होती. चौथ्याच्या वेळी त्यांच्या आजीनं बाळाला सुपात घातलं आणि झोपड्यांमागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या एका बाईनं ते 'सापडलं' म्हणून उचलून आणलं आणि मूठभर कोंडा घेऊन रावांच्या आईला विकलं. मग बाळाच्या कानात तीनदा नाव सांगितलं: कुप्पू, कुप्पू, कुप्पू. आपलं नव्हेच, विकत घेतलेलं, तेही कचऱ्यातलं; अशा मुलाकडे कोण बघणार? शाळेत तमिळ मुलं त्यांना कचऱ्याच्या डब्यात बसवायची. नोकरीत साहेब नाव वाचून हसायचा. ते सांगताना रावांचा आवाज मुळीच बदलायचा नाही. "हसू दे की. हसणारे सगळे गेले. मी आहे."

असल्या गोष्टी दक्षिणेतल्याच, असं मी समजत होतो. एका संध्याकाळी बायकोनं हसत हसत रावांना सांगितलं, "यांच्या आजोबांचं नाव धोंडू होतं."

मी संकोचून गेलो. माझे वडील सहीत मधल्या नावाच्या जागी नेहमी नुसतं 'डी.' लिहायचे. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. राव मात्र खुर्चीतून उठले. "धोंडू? दगड? मग तू दगडाचा नातू आहेस, तंबी! धोंडूच्या आधी किती गेले?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावायला लावला. वडील म्हणाले, "चार. तुझी पणजी सांगायची. का रे, एकदम?" मी काहीतरी सांगून फोन ठेवला. राव माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जणू मी आत्ताच त्यांच्या घरी जन्मलोय.

आमचं पहिलं मूल पुण्यातच, पोटात असताना तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. दुसरंही तसंच, रावांच्या घरात राहायला आल्यावर. त्या दिवसांत मी ऑफिसात जास्त वेळ थांबायचो. घरी आलं की काय बोलायचं हे मला सुचायचं नाही. राव बायकोसाठी कंजी करायचे, पातळ भाताची, वर जिरं. आमच्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसायचे आणि आत न बघता म्हणायचे, "मुली, कंजी बिघडलीय. खाऊन टाक, नाहीतर वाया जाईल." ती खायची. मी आणलेलं काही तिला जायचं नाही.

त्यांना एक मुलगा होता. त्याचं नाव राजीवलोचन. कमळासारख्या डोळ्यांचा. हॉलमध्ये त्याचा फोटो होता आणि डोळे खरंच तसे होते. राव म्हणायचे, "मी जन्मभर कचरा म्हणून हाक ऐकली. मला वाटलं, माझ्या मुलाला हाक मारली की रस्त्यातल्या लोकांनी वळून बघावं." लोक बघायचे. अठराव्या वर्षी राजीवलोचनला ताप आला. साधा असेल म्हणून त्याला पॅनाडॉलच्या गोळ्या देऊन घरीच ठेवलं. दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा कळलं की डेंग्यू आहे आणि उशीर झालाय. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, कॉफीशॉपमध्ये, कपातल्या चमच्याशी खेळत. लगेच चमचा खाली ठेवून म्हणाले, "पण ताप निमित्त, तंबी. नाव भारी होतं. बघितलं सगळ्यांनी." आह काऊ शेजारीच होता. त्यानं रावांसाठी आणखी एक कॉफी मागवली.

मला तेव्हा हे सगळं अडाणीपणाचं वाटलं. त्या नावावर या माणसाचं काय उभं आहे, हे मला दिसलं नाही.

तिसऱ्या वेळी बायकोला दिवस गेले तेव्हा आम्ही कुणालाच सांगितलं नाही. रावांना कसं कळलं कोण जाणे. रोज सकाळी ते तिला म्हणायचे, "काही नाही तुझ्या पोटात. गॅस आहे." ती हसून म्हणायची, "हो राव, गॅसच." मला आठवतंय, त्या दिवसांत ती तेवढ्याच एका वाक्याला रोज हसायची.

पाचवा महिना सरला तसा रावांनी लिटल इंडियातून एक सूप आणलं. त्याची कड एका बाजूनं मोडली आणि स्वयंपाकघरात कचऱ्याच्या चूटजवळ खिळ्याला टांगलं. इथल्या फ्लॅटमध्ये भिंतीतच कचरा टाकायचं झाकण असतं, टाकलेलं सगळं थेट तळमजल्यावर जातं.

"बाळ आलं की इथं ठेवायचं," त्यांनी चूटपुढच्या फरशीवर हात ठेवला. "एक क्षण. मग आह काऊ उचलेल. तो कुत्रा, त्याच्यासारखा माणूस नाही मिळायचा. मूठभर कोंडा घेऊन तुला विकेल, मुली. मुलगा असला तर कुप्पू. मुलगी असली तर कुप्पम्मा. मग काही भीती नाही."

मला वाटलं बायको हसेल. ती हसली नाही. "कोंडा कुठे मिळेल?" तिनं विचारलं.

त्या रात्री मी तिला समजावलं. तू इंजिनिअर आहेस, असं म्हणालो. ती म्हणाली, "मला माहितीये नावानं काही होत नाही. पण ठेवलं तर काय बिघडतं? घरात कुप्पू म्हणू, कागदावर काहीही लिहा." मी म्हणालो, मुलाला शाळेत काय सांगायचं? ती म्हणाली, "शाळेत जाऊ दे तर आधी." त्यावर मी रागावून कूस बदलली.

आता कळतं की ते नाव मला गावंढळ वाटत होतं एवढंच काही खरं नव्हतं. ते नाव दिलं असतं तर मूल जाऊ शकतं हे मला तोंडानं कबूल करावं लागलं असतं. मला नीट, कोरं, इतरांसारखं बाप व्हायचं होतं. म्हणून मी नाव ठरवलं, ईशान. म्हणून मी एक पांढरा पाळणा घेऊन आलो, बायकोला न विचारता.

पाळणा जोडून मी पाणी प्यायला गेलो. परत आलो तर राव स्वयंपाकघरातली सुरी घेऊन उकिडवे बसले होते आणि पाळण्याच्या पायावर हळूहळू एक खाच पाडत होते. जीभ जराशी बाहेर आलेली, लहान मुलं चित्र रंगवताना येते तशी.

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. तुमच्या डोक्यात कचरा आहे, असं म्हणालो. आमच्या मुलापासून लांब राहा, असं म्हणालो. ते ऐकून घेत होते. मग मी म्हणालो, "तुमचा मुलगा नावामुळे नाही गेला. त्याला ताप होता आणि तुम्ही दोन दिवस घरात ठेवलंत. उगाच नावाला दोष देऊ नका."

बायको दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "अहो!"

रावांनी सुरी खाली ठेवली. पाळण्याच्या पायावरचा भुसा बोटानं पुसला. "सरी," म्हणाले. सरी म्हणजे बरं. उठताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला आणि मी तो दिला नाही.

त्यानंतर आम्ही एकाच घरात राहून बोलत नव्हतो. मी माफी मागणार होतो. शनिवारी मागू, असं ठरवलं होतं. शनिवारच्या आतच बायकोला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. सहावा महिना जेमतेम संपला होता. मुलगा झाला. माझ्या तळहातावर मावेल एवढा होता, पण मला तो तसा धरता आला नाही. तो काचेच्या पेटीत होता, डोक्यावर विणलेली टोपी, सगळीकडे नळ्या.

त्याच्या पायातल्या पट्टीवर आईचं नाव होतं, अमकीचं बाळ, एवढंच. एक नर्स फार चांगली होती. तिनं रंगीत कागदाचं कार्ड कापून आणलं, त्यावर ढग आणि चांदण्या काढल्या होत्या. "याचं नाव काय? पेटीवर लावते."

बायको खुर्चीत बसून होती. ती हलक्या आवाजात मराठीत म्हणाली, "कुप्पू लिहू या."

मी नर्सच्या हातातलं स्केचपेन घेतलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ईशान. नर्स म्हणाली, "ब्यूटिफुल नेम." बायकोनं डोळे मिटून घेतले.

राव रोज हॉस्पिटलमध्ये यायचे. बसनं, दोन बस बदलून. वर यायची त्यांना परवानगी नव्हती. त्या वॉर्डात फक्त आई-वडील जाऊ शकत, तेही मनगटावरची पट्टी दाखवून. ते खालच्या मजल्यावर खुर्चीत दहीभाताचा डबा मांडीवर घेऊन बसायचे. बायको खाली जाऊन तो घ्यायची. मी एकदाही गेलो नाही. एकदा लिफ्टचं दार उघडलं आणि ते समोर दिसले. मी पुन्हा बटण दाबून दार बंद केलं. माझ्या मनगटावरची पट्टी त्यांनी पाहिली असणार.

ईशान गेला. त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

सगळं उरकून आम्ही दुपारी घरी आलो. बायको तोवर रडली नव्हती. कार्ड तिच्या पर्समध्ये होतं. ती सोफ्यावर बसली आणि समोर बघत राहिली. खोलीत पाळणा होता म्हणून तिला आत जायचं नव्हतं. राव स्वयंपाकघरातून आले आणि फ्रिजला टेकून उभे राहिले. त्यांनी आमच्या दोघांकडेही पाहिलं नाही. ते फोटोकडे बघत होते, राजीवलोचनच्या.

"तंबी," ते म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं राहिलं. मी वर गेलो होतो."

"कुठे वर?"

"बाळाकडे. तुम्ही दोघं डॉक्टरांशी बोलायला गेला होता. एक मलयाळी नर्स होती. तिला हात जोडले, तिनं सोडलं. त्या पेटीला भोक असतं की बाजूला, त्यातून तोंड नेलं. कानात सांगितलं. तीनदा. कुप्पू, कुप्पू, कुप्पू."

बायकोनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणजे नाव होतं त्याला," ते म्हणाले. "तू कार्डावर काय लिहिलंस त्यानं काही झालं नाही. नाव कानात पडलं होतं, तरी गेला. तेव्हा..." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "तेव्हा नावाचं काही नसतं. मी जन्मभर उगाच सांगत आलो."

बायकोनं हंबरडा फोडला. ती पुढे वाकून इतकी रडली की मला तिला दोन्ही हातांनी धरावं लागलं. मग ती खोलीत गेली आणि पाळण्याकडे पाठ करून झोपली. राव पळीनं कंजी ढवळायला आत गेले.

मी तिथेच बसून होतो. ते खोटं बोलत होते हे मला पहिल्या वाक्याला कळलं होतं. त्या वॉर्डचं दार पट्टीशिवाय उघडत नसे. हात जोडून कुणाला सोडत नसत. ईशानची टोपी कानांवरून खाली ओढलेली असायची, आणि त्या पेटीचं भोक एवढंच असतं की त्यातून हात जातो, तोंड जात नाही. पेटी ज्यानं पाहिली आहे त्याला हे माहीत असतं. त्यांनी ती पाहिलीच नव्हती.

मी उठून आत जायला हवं होतं. मी गेलो नाही. मला ते खोटं हवं होतं. मी ते घेतलं.

काही दिवसांनी घरातली पाण्याची किटली बिघडली. रावांनी नवी आणली, चकचकीत स्टीलची. तिला पोचा पडायची मी वाट बघत होतो. पडला नाही. चूटजवळच्या खिळ्यावर सूप नव्हतं. लिफ्टमध्ये एक बाई बाळ घेऊन शिरली. गोरं, गुबगुबीत. राव त्याच्याकडे वाकले, आणि मी सवयीनं दाराकडे बघायला लागलो. "नाइस बेबी," ते म्हणाले. आम्ही घर सोडलं तोवर किटली तशीच होती, तिच्यात तोंड दिसायचं.

आम्ही बिशानला राहायला आलो. नंतर पुन्हा मूल झालं नाही, आम्ही तो विचार सोडला. राव दोन वर्षांपूर्वी गेले. आह काऊनं फोन केला होता. ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत त्यांना ठेवलं होतं. माणसं फार नव्हती. आह काऊ काठी टेकत आला, शवपेटीजवळ उभा राहिला. "ही टेल मी, रबिश नेम नो यूज," तो मला म्हणाला. "सेव्हन्टी प्लस इयर्स ही बिलीव्ह. सडनली नो यूज. आय आस्क व्हाय. ही डोन्ट से." तो माझ्याकडे बघत राहिला. मी नजर पेटीकडे वळवली.

परतताना मेट्रोत बायको माझ्या शेजारी बसली होती. दोन स्टेशनं गेल्यावर ती म्हणाली, "त्या वॉर्डात त्यांना कोण सोडणार होतं?"

मी तिच्याकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"तेव्हाच."

"मग तू रडलीस का एवढी?"

"त्यांच्यासाठी," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना जे बोलला होतात, त्याच्यावर त्यांचं एकच उत्तर होतं. नाव. तेही त्यांनी आपल्याला देऊन टाकलं. मग त्यांच्याकडे काय राहिलं? तापाचे ते दोन दिवस." ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. त्या विषयावर आम्ही नंतर कधी बोललो नाही.

राव जायच्या वर्षभर आधी मी एकदा एकटा हौगांगला गेलो होतो, माफी मागायला. वाक्य पाठ करून गेलो होतो. राव हळू चालत दारापर्यंत आले. अंगात नवा पांढरा शर्ट होता. बटणं चुकीची लागली होती म्हणून कॉलर एका बाजूनं उलटली होती आणि तिची आतली बाजू दिसत होती. मी ठिपका शोधला. कुठेच नव्हता. कापड स्वच्छ होतं.

पाठ केलेलं वाक्य राहूनच गेलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "शर्ट छान आहे, राव."

त्यांनी मान खाली घालून शर्टाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी म्हणतील, वाईट आहे, तंबी, फार वाईट आहे. मी थांबून राहिलो.

"होय," ते म्हणाले. "छान आहे."